बुलेगेयाला न आवडलेला पिक्चर

३ ऑगस्ट, रविवार

पोचलो एकदाचा. मासे भरायला निघालेल्या रिकाम्या होडीतून आलो, त्यामुळे अंगाला वास मारतोय. पण इथं तो सगळ्यांनाच मारतो, तेव्हा कुणी नाक मुरडलं नाही. बुलेगेया बेट दुरून पालथ्या टोपलीसारखं दिसतं. वर झाडी, खाली किनाऱ्याला पत्र्याच्या खोल्या, आणि मधल्या उकिरड्यावर टकले करकोचे असे सावकाश पाय टाकत फिरतात की जणू निवडणुकीला उभे आहेत. मला गाव आवडलं. मला सगळीच गावं पहिल्या दिवशी आवडतात, पण या वेळी निदान काम हातात घेऊन आलोय.

काम किबांड्यातलं, म्हणजे पिक्चर दाखवायच्या शेडमधलं. नालोंगोचा किबांडा घाटाला लागूनच आहे. पत्र्याची लांबट शेड, दुपारचा उजेड आत येऊ नये म्हणून भिंतींना आतून घोंगड्या ठोकलेल्या, मोडक्या होड्यांच्या फळ्यांची बाकं, समोर पांढरी चादर, आणि चादरीच्या डाव्या अंगाला एक स्टूल नि माइक. ते स्टूल आता माझं. पिक्चर कुठल्याही मुलखातला असो, तो चालू असताना आपल्या भाषेत त्याची गोष्ट सांगायची, पात्रांच्या तोंडी बोलायचं, मारामारीत रंग भरायचा, हे व्हीजेचं काम. मसाक्याला एका व्हीजेचा घसा बसला तेव्हा त्याच्या जागी बसून मी ते शिकलो. त्याआधी फोनची कव्हरं विकली, बूट शिवले, एका पाद्र्याकडं घंटा वाजवली. रोजनिशीची खोड त्या पाद्र्याचीच. त्यानं मला लिहायला लावलं, मग काय लिहिलंय ते वाचलं आणि हाकलून दिलं.

नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. बाईचं खरं नाव कुणी घेत नाही. अंगानं थोराड, आवाज घोगरा. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, तोंड तर चांगलं मोठं आहे, आता त्यातून काय निघतं ते बघू. आधीचा व्हीजे कुठं गेला विचारलं तर म्हणाली सरोवरापलीकडे गेला, छाती धरली होती त्याची. शेडमागची खोली दिली. खिडकीतून सरोवर दिसतं. नालुबाले म्हणतात त्याला इथं, आज ते इतकं शांत आहे की त्यावरून चालत जावं.

इथं टिकायचं. या वेळी खरंच टिकायचं.

५ ऑगस्ट, मंगळवार

पहिला खेळ झाला. चिनी मारामारीचा. व्हीजेनं सुरुवातीलाच पात्रांना नावं द्यायची असतात आणि ती गावातलीच द्यायची, नाहीतर लोकांना पिक्चर आपला वाटत नाही. सकाळी घाटावर फिरून माहिती काढून ठेवली होती. जाड्या खलनायकाला मासळी तपासायला येणाऱ्या साहेबाचं नाव दिलं. त्याला पहिली लाथ बसली आणि शेडचा पत्रा उडतो की काय असं वाटलं.

पहिल्या बाकावर मुसिसी बसतो. होड्या बांधतो तो. त्याला काही म्हणजे काही आवडत नाही. हिरोनं दहा जणांना लोळवलं तर म्हणे, हा मारतोय की अंगावरच्या मुंग्या झटकतोय. मी म्हटलं, दादा, तुम्ही या वर. तर म्हणे, मी वर आलो तर पिक्चर लवकर संपेल आणि तुझी भाकरी जाईल. असा माणूस पहिल्या बाकावर असला की व्हीजेचं अर्धं काम होतं.

खेळ सुटल्यावर एक बाई आली, झालवांगो तिचं नाव. मुकेने वाळवून विकते, म्हणजे ते बोटाएवढे चांदीसारखे मासे. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल. कागदात बांधून मूठभर तळलेले मासे हातावर ठेवले आणि म्हणाली, भाऊ, आवाज बरा आहे, अक्कल हळूहळू येईल. मासे उत्तम होते. त्यावरून आठवलं, मसाक्याच्या बस अड्ड्यावर एक म्हातारा असेच मासे विकायचा, तो प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी शिवी द्यायचा आणि मगच पुडी बांधायचा. गिऱ्हाईक त्याच्याकडंच जायचं. असो.

८ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या शनिवार. शनिवारी दुपारी या बेटावर एकच पिक्चर लागतो. दर शनिवारी तोच. आपला पिक्चर म्हणतात त्याला. इथंच, या घाटावर काढलेला. कंपालात लग्नाचे व्हिडिओ काढणारा कुणी पोरगा आला होता, त्यानं काढला. नाव 'ओल्या पायांची'.

मला वाटलं मोठ्या कौतुकाचा विषय असेल. तर ज्याला विचारावं तो तोंड वाकडं करतो. मुसिसी म्हणाला, त्याहून चांगला पिक्चर माझी शेळी काढेल. मग दर शनिवारी बघता कशाला, विचारलं. तर रंधा मारत राहिला.

संध्याकाळी नालोंगोनं बसवून घेतलं आणि बजावलं. पिक्चरला आवाज नाही, आवाजाचं यंत्र भिजून गेलं होतं, तेव्हा सगळं मलाच बोलायचंय. जे दिसतं ते सांग, वाटेल तेवढी टिंगल कर, लोक शिव्या देतील त्यात तूही दोन घाल. फक्त त्यातल्या भूत झालेल्या बाईच्या तोंडी शब्द घालायचा नाही. आधीच्यानं कधी घातला नाही.

मी म्हटलं, सूड घ्यायला आलेली बाई मुकी कशी ठेवायची? मग मजा काय राहिली? नालोंगो म्हणाली, मी तुला मजेचं विचारलं नाही, मी तुला सांगितलं.

जुनी माणसं अशीच असतात. धंद्यात नवीन काही करू देत नाहीत.

९ ऑगस्ट, शनिवार

असा पिक्चर मी जन्मात पाहिला नाही, आणि असे बघणारेही नाहीत.

गोष्ट साधी. एक विधवा, तिची केळीची बाग, दोन दीर. दीर तिला होडीतून ढकलतात. ती ओल्या पायांनी परत येते आणि एकेकाला घेऊन जाते. पैसे नव्हते हे प्रत्येक प्रसंगातून दिसतं. भुताच्या तोंडाला मक्याचं पीठ फासलंय आणि ते चालताना गळतं. रक्त म्हणून जे आहे त्यावर माशी बसते आणि खुशाल चाखते. मेलेला दीर मागच्या गर्दीत उभा राहून स्वतःच्याच मयताला बघतो. एक कोंबडी तर तीन वेगवेगळ्या प्रसंगांत येते, तिला बहुतेक चांगलं काम मिळालं होतं.

शेड गच्च भरलेली. आणि शिव्या. सुरुवातीपासून. या पिठाची लापशी झाली असती. हा सूड आहे की सर्दी. कॅमेरा धरणाऱ्याला हगवण लागली होती का. कोंबडीला बक्षीस द्या, बाकीच्यांना दोरखंड. मीही सुटलो, हसून हसून डोळ्यांना पाणी आलं.

पण एक प्रसंग मला चांगला वाटला. बाई पाण्यात पडते तो. ती हात वर करते, खाली जाते, परत वर येते, किनाऱ्याकडं बघते. तिथंच लोक सगळ्यात जास्त ओरडत होते. झालवांगोचा आवाज सगळ्यांच्या वर, असं कोण बुडतं गं, हात बघ कसे केलेत. मी माइकवर म्हटलं की काही म्हणा, पोरगी बुडते मात्र झकास. सगळी शेड गप्प झाली. एखाद्यानं दरवाजा लावावा तसा आवाज बंद. मग मुसिसीनं खाकरून एक शिवी दिली आणि पुन्हा सगळे सुरू झाले, जरा घाईघाईनं.

शेवटाकडं बाईचा चेहरा येतो. सबंध चादरभर. ती सरळ आपल्याकडं बघते आणि ओठ हलतात. मुसिसी ओरडला, आता काय स्तोत्र म्हणतेस. मला राहवलं नाही. असल्या वेळी व्हीजे काय करतो? पडद्यावरच्याकडून उत्तर देववतो. मी आवाज बारीक केला आणि तिच्या तोंडून म्हणालो, मुसिसीदादा, तू ये ना पाण्यात, दाखव मला कसं बुडायचं ते.

ओठांवर शब्द इतके चपखल बसले की मीच चकित झालो. मला वाटलं शेड डोक्यावर घेतील.

कुणी हसलं नाही. नालोंगोनं जनरेटर बंद केला.

१० ऑगस्ट, रविवार

मुसिसी गेला.

प्रार्थनेहून लोक परतले तेव्हा दिसला. त्याच्या अर्धवट होडीशेजारी, पालथा. पाणी गुडघ्याएवढं. नीट उभा राहिला असता तर पाय भिजले असते, एवढंच.

मी धावत गेलो. लोकांनी वाट करून दिली. जरा जास्तच मोठी वाट.

१२ ऑगस्ट, मंगळवार

काल मुसिसीला झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून पुरला. चटईवर मी जिथं बसलो तिथून लोक सरकत गेले. आज चपातीवाल्यानं माझी चपाती हातात न देता फळीवर ठेवली.

मी काय केलं? एक विनोद केला. माणसाला फीट येते, डोकं गरगरतं, पाणी कितीही असो. मी स्वतःला हे दिवसभर सांगतोय.

झालवांगो तेवढी बोलली, म्हणजे झोडपलंच तिनं. माशांच्या फळ्यांपाशी मला गाठलं आणि म्हणाली, तुझ्या तोंडाला दार नाहीच रे, नुसती चौकट आहे. येणारा जाणारा कुणीही त्यातून ये-जा करेल. म्हटलं, ताई, काय झालंय ते तरी सांगा. म्हणाली, नालोंगोला विचार, मला मासे उलटायचेत. पण खालचा मासा वर यायचा तो पुन्हा खालीच जात होता.

१४ ऑगस्ट, गुरुवार

नालोंगोनं सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहून ठेवतो.

पिक्चरमधली बाई म्हणजे नान्योंगा नावाची इथलीच मुलगी. केस विंचरायचं दुकान होतं तिचं. ती बुडायच्या प्रसंगाला सगळं बुलेगेया घाटावर जमलं होतं. आधीचा व्हीजे भोंगा घेऊन उभा, पोराबाळांना हसवत. ती पाण्यात पडली. पोहता येतं म्हणाली होती, पण अंगावरचं लुगड्यासारखं लांब वस्त्र पायांत गुंडाळलं. तिनं हात वर केले. लोक म्हणाले, नाटक करतेय. भोंग्यावरून तो म्हणाला, माझी आजी याहून चांगली बुडते. लोक हसले. ती परत वर आली, लोकांनी आणखी मतं दिली. होडीवाले होते, वल्ही हातात होती, तेही हसत उभे. कॅमेरा चालूच. ती वर आली नाही तेव्हा टाळ्या पडल्या.

पिक्चरमध्ये जे दिसतं ते हेच.

उरलेला पिक्चर झालवांगोच्या तोंडाला पीठ फासून पुरा केला. पैसे लागले होते ना त्या पोराचे.

आणि मग शनिवारचा खेळ. नालोंगो म्हणाली, जोवर आम्ही म्हणतोय की काम वाईट केलं, तोवर ते काम आहे. तोवर ती नटी आहे आणि आम्ही बघणारे. म्हणून दर आठवड्याला सगळ्यांनी यायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं. मध्यंतरी एका शनिवारी वादळामुळे खेळ झाला नाही, तर दुसऱ्या दिवशी घाटभर ओल्या पावलांचे ठसे होते, प्रत्येक दारापर्यंत. आत नव्हते. तिला अजून कुणी बोलावलं नव्हतं.

तू तिला तोंड दिलंस, म्हणाली. आणि मुसिसीचं नावही.

मी विचारलं, तो चेहरा मग कुणाचा, शेवटाकडं येतो तो? झालवांगोचा तर वाटत नाही. नालोंगो म्हणाली, असं दृश्य त्या पिक्चरमध्ये नाही. त्या दिवशी आम्हीही ते पहिल्यांदाच बघितलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

खेळ झाला. मी एक शब्दही वावगा बोललो नाही. टिंगल केली. पीठ, कोंबडी, माशी, सगळं. लोक नेहमीपेक्षा मोठ्यानं ओरडत होते. पण आता ते विनोद नव्हते. मर. फालतू. तुला कुणी सांगितलं होतं. पडद्यावर थुंकले.

ती बुडली तेव्हा सगळ्यांनी एका सुरात वाईट, वाईट म्हटलं, प्रार्थनेला आमेन म्हणतात तसं.

मग चेहरा आला. मी दात आवळले. जीभ टाळूला लावून ठेवली. ओठ हलले, तिचे.

आणि माइकमधून माझ्या आवाजात आलं, झालवांगो.

मी बोललो नाही. देवाशप्पथ बोललो नाही. माझं तोंड उघडलेलं होतं एवढंच मला कळलं.

झालवांगो उठली, कपडे झटकले आणि बाहेर गेली. ती जवळून जाताना लोक बाकांवर पाय उचलून घेत होते.

१७ ऑगस्ट, रविवार

पहाटे उठून तिच्या दारात जाऊन बसलो. म्हटलं ताई, पाण्यापासून लांब राहायचं. काही लागलं तर मी आणेन. तिला वाचवायचं. दुसरं काही मला सुचत नाही आणि सुचवून घ्यायचंही नाही.

ती म्हणाली, वा, ज्यानं आग लावली तोच आता बादली घेऊन आलाय. मग म्हणाली, बसलाच आहेस तर मासे उलट.

तिचं घर चढावर, मागच्या अंगाला. घागरी रिकाम्या करून पालथ्या घातल्या. पाणी मी शेजारच्या वस्तीतल्या विहिरीवरून आणतो आणि पेला भरून देतो, ती पिईस्तोवर समोर उभा राहतो. ती म्हणते, पेल्यात बुडून दाखवू का. मला हसू येत नाही, तिला येतं. केळं भाजून दिलं मला. शेंगदाण्याची आमटी.

दिवस पार पडला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सरोवरावरून चिलटांएवढ्या माश्यांचे ढग आले. काळा धूर उठावा तसे. दारं-खिडक्या लावून बसलो तरी भाकरीत, केसांत, नाकात. त्या गडबडीत झालवांगो कधी बाहेर गेली कळलं नाही.

घाटावर सापडली. पाण्याच्या कडेला उभी, चपला हातात. लोक होते तिथं, जाळी विणत होते. कुणी तिला अडवायला हाक मारली नव्हती. मी ओढून आणली. ती म्हणाली, मला वाटलं तू बोलावलंस. तुझाच आवाज होता.

मी चहा पीत होतो तेव्हा. मला आठवतंय की चहा पीत होतो. पेला तोंडाला होता.

फळ्यांवरचे मासे, चार दिवस कडक ऊन खाल्लेले, आज सगळे ओले. पाऊस नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

होडीवाल्यांकडं गेलो. आम्हा दोघांना पलीकडे सोडा म्हणून. म्हणाले, तिला पाण्यावर न्यायची? आमच्या होडीत? तुला डोकं आहे का? तू एकटा चल. आत्ता चल. तू तर आमचा नाहीस, तुझं काय जातं इथं.

खरं आहे. बोचकं बांधायला मला वेळ लागत नाही. आजवर कुठं लागला?

झालवांगोला सांगितलं. म्हणाली जा की मग, माझ्या दारात काय मुळं फुटलीत तुला. मी नाही जात म्हटलं.  मग तिनं विचारलं की तुझं खरं नाव काय. गावभर मला व्हीजेच म्हणतात. सांगितलं तिला, सेन्योंदो. म्हणाली, एवढ्या बडबड्या माणसाला असं शांत नाव.

तिच्याकडून परतताना वाटेत तीन माणसं उभी होती. त्यातला एक म्हणाला की नाव निघालंय ना एकदा, मग ते पुरं होऊ दे. का अडवतोस. एकीचं झालं की बाकीचे सुटतील.

शेजारी आहेत ते तिचे. एकाच्या मुलीच्या लग्नाचे मासे तिनं तळले होते म्हणे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पुन्हा बोललं. माझं तोंड. विहिरीवर पाणी भरताना, सगळ्यांसमोर. तेच नाव. बायांनी ऐकलं.

चिंधी कोंबली तोंडात. वरून फडकं बांधलंय. आता लिहूनच सांगतो झालवांगोला. तिनं बघितलं आणि म्हणाली, चला, शेवटी दार बसवलंस.

उद्या शनिवार. जायचं नाही —

२३ ऑगस्ट

आले न्यायला. दोघांनाही. खेळ झालाच पाहिजे म्हणतात. मी फडक्याला हात लावू दिला नाही, बोटं पिरगळली एकाची, मग सोडलं.

शेडमध्ये आहे. स्टुलावर. चादरीच्या उजेडात लिहितोय, वही मांडीवर. माइक समोर चालू आहे. माझ्या नाकाचा आवाज त्यातून घुमतोय.

पिक्चर सुरू. व्हीजे नाही. लोकच बोलतायत. पीठ म्हणाला कुणी. कोंबडी. कुणी साथ देत नाही. वाईट — वाईट — सुरात येत नाहीये. मागून एकजण म्हणाला की त्या दिवशी पहिला तू हसलास. दुसरा म्हणाला, मी नाही, वल्हं तुझ्या हातात होतं. आता सगळे तेच. तू. तुझी बायको. टाळ्या कुणी पिटल्या. एकमेकांची नावं घेऊन ओरडतायत, पडद्याकडं तोंड करून. घे याला. हिला घे.

ती पाण्यात. हात वर. ओरडणं थांबलं.

चेहरा

चेहरा आहे. जात नाही. नालोंगोनं जनरेटर बंद केला. घरघर थांबली, पण माइक अजून घुमतोय. चेहरा आहे.

ओठ हलतात. माझा जबडा दुखतोय. चिंधी आतून ढकलली जातेय, जिभेनं नाही — जीभ माझी तर मी —

झालवांगो उठली. माइक घेतला माझ्या समोरून. तिला थांबवायला हवं होतं का? ती बोलतेय. सावकाश. म्हणतेय की नान्योंगाचे कोरडे कपडे माझ्या हातात होते. ती बाहेर आली की तिला द्यायला. म्हणतेय की ती माझ्याकडंच बघत होती. हात वर करून. मी तिला ओरडून म्हटलं, हात खाली घे, खोटं दिसतंय. आणि मला माहीत होतं. म्हणतेय, ते खोटं नव्हतं हे मला दिसत होतं. सगळ्यांना दिसत होतं. पिक्चर वाईट नाही. आम्ही —

ओठ थांबलेत. चेहरा ऐकतोय. मान थोडी कलली आहे. ऐकतोय —

लोक उठले. गप्प बस म्हणतायत. आम्हाला कशाला ओढतेस. तुझं तू बोल, 'आम्ही' म्हणू नको. एकानं माइकची तार — ती ओरडून बोलतेय आता, तारेशिवाय. नावं नाही घेत कुणाची. 'आम्ही' म्हणतेय. आम्ही, आम्ही.

धरलं तिला. हात, केस. नालोंगोनंही. दार उघडलं, ऊन आलं, बाहेर पाणी. तिला घाटाकडं — नाव निघालंय म्हणतात, पुरं करा —

नेतायत

पडद्यावरच्या चेहऱ्याचे ओठ पुन्हा. माझं तोंड भरून येतंय. फडकं सोडतो. नान्योंगाला झालवांगोच हवी असेल, पण नाव माझ्याच तोंडातून जातं. मग त्यातून आधी माझंच नाव काढतो. झालवांगोचं निघायच्या आत. लोकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, म्हणजे झालवांगोला सोडतील आणि इकडं वळतील. जमेल. व्हीजे आहे मी, मला

चिंधी निघाली. से